हाय तसं पाणी

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं की बायको स्टुलावर चढते, घड्याळ उतरवते, मागचा सेल काढते आणि माझ्या हातात ठेवत म्हणते, "घ्या, मॅडमचा." मॅडमनी पुणं सोडलं त्याला आता बरेच दिवस झाले. पण आमच्या घरातला प्रत्येक मेलेला सेल अजूनही त्यांच्याच मालकीचा आहे. फ्रिजवर बिस्किटांचा एक जुना डबा आहे, सेल त्यात जातो. डबा भरला की मी तो ई-कचरा गोळा करणाऱ्या गाडीवर नेऊन देतो आणि परत येताना, कुणी बघत नाही असं पाहून, संत्र्याची एक गोळी विकत घेऊन खातो.

मेश्राम मॅडम आमच्या लॅबच्या मुख्य केमिस्ट. लॅब म्हणजे हडपसरला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्या. खाली टायरचं दुकान, वर पाणी तपासणारे आम्ही. मी काउंटरवर. लोकांनी आणलेल्या बाटल्या घ्यायच्या, त्यांना चिठ्ठी चिकटवायची, वहीत नोंद करायची आणि केमिस्टनी सही केलेले अहवाल टाईप करून द्यायचे, एवढं माझं काम. शिक्षण कॉमर्स. पाण्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ते बिबवेवाडीला आमच्याकडे सकाळी येतं आणि अंगावर साबण असताना जातं.

मॅडम भंडाऱ्याकडच्या. यापलीकडे त्यांचं चरित्र मला सांगता येणार नाही, कारण स्वतःबद्दल विचारलं की त्या पाण्याबद्दल बोलायच्या. ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, अंगावर कायम ॲप्रन. ॲप्रनच्या उजव्या खिशात पेनं आणि डाव्या खिशात संत्र्याच्या गोळ्या. माझ्या पहिल्याच दिवशी त्या काउंटरवर आल्या. नाव नाही, गाव नाही, थेट प्रश्न.

"तुमच्या टीव्हीच्या रिमोटमधला सेल मेला की काय करता?"

"टाकतो."

"कुठे?"

"कचऱ्यात."

"मग तो कचरा कुठे जाते?"

आता हा काय नोकरीच्या पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न झाला? मी म्हणालो, "ते गाडीवाल्याला विचारा. मी कॉमर्सचा."

त्या मोठ्याने हसल्या. "फिरून तुमच्याच काउंटरवर येते बाप्पा, बाटलीतून. उद्या घरातले सगळे मेलेले सेल घेऊन या. एका सेलला एक गोळी."

दुसऱ्या दिवशी मी सात सेल नेले आणि सात गोळ्या मिळवल्या. चाळिशीच्या माणसाने अशा गोष्टीचा आनंद मानू नये असं मला वाटत होतं, पण झाला खरा.

त्यांचं म्हणणं मला नीट कळलं ते चहाच्या टपरीवर. टायरच्या दुकानाशेजारी एक टपरी होती. तिथे मॅडमनी एकदा टपरीवाल्याकडून गाळणं मागून घेतलं. त्यात वापरलेली चहाची पत्ती होती. वरून त्यांनी ग्लासभर स्वच्छ पाणी ओतलं. खाली तांबडं पाणी उतरलं. "हा वरून पाऊस," त्या म्हणाल्या. "मधात आपला कचरा. त्यात सेल आले, फुटलेल्या ट्यूबलाइटी आल्या, रंगाचे डबे, जुन्या औषधांच्या पट्ट्या, सगळं आलं. अन् हे जे खाली उतरलं ना, ते कोणाच्या तरी विहिरीत जाऊन राहिलं." टपरीवाला म्हणाला, "मॅडम, सगळं पटलं, पण गाळणं द्या, गिऱ्हाईक थांबलंय."

शहराचा कचरा डेपो आमच्या लॅबपासून फार लांब नव्हता. दर रविवारी सकाळी मॅडम आपल्या निळ्या स्कूटीवर बर्फाचा डबा बांधून डेपोच्या आजूबाजूच्या गावांत जायच्या आणि विहिरींचं पाणी भरून आणायच्या. हे लॅबचं काम नव्हतं, कुणी सांगितलेलं नव्हतं. पाणी भरायची त्यांची एक पद्धत होती. बाटली कितीही स्वच्छ असली तरी ती त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळायची, मोठ्याने "एक, दोन, तीन" म्हणत, आणि मग काठोकाठ भरायची. पहिल्यांदा मी बरोबर गेलो तेव्हा दोनदा विसळून थांबलो. त्यांनी बाटली माझ्या हातून घेतली, ओतून टाकली आणि पुन्हा "एक" पासून सुरू केलं.

आमच्या सोसायटीतही मी त्यांना एकदा बोलावलं. तिळगुळाचा कार्यक्रम होता, त्यात दहा मिनिटं कचऱ्यावर बोला म्हटलं. आमचे चेअरमन जोगळेकरकाका. त्यांनी मॅडमचं स्वागत केलं ते, "हा विषय चहाच्या आधी आहे की नंतर? त्याप्रमाणे वड्या काढायच्या की नाही ते ठरवू," असं म्हणून. मॅडम म्हणाल्या, "आधी ठेवा काका, म्हणजे वड्या उरतील." काकांना तोडीस तोड मिळाल्याचं मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं.

भाषण रंगलं. पण शेवटी मॅडमनी एका सेलला एक गोळीची घोषणा केली आणि तिथे घोळ झाला. मुलं घरोघर पळाली. सेल मेलेला आहे की जिवंत, हे बघत कोण बसतं? दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्या सोसायटीचे गजर वाजलेच नाहीत. दोघांची कंपनीची बस चुकली. काकांचा स्वतःचा ट्रान्झिस्टर मुका झाला. संध्याकाळपर्यंत जिन्याखाली पाटी लागली: 'घड्याळांतील जिवंत सेल काढू नयेत. वेळ विचारण्यासाठी चेअरमनची बेल वाजवू नये.' पुढच्या आठवड्यात मॅडम जमलेल्या सेलांची पिशवी न्यायला आल्या, पाटी दोनदा वाचली, पर्समधून मार्कर काढला आणि खाली लिहिलं: 'मेलेले मात्र द्यावेत.' काकांनी ती ओळ पुसली नाही. पाटी अजून आहे.

इतका हसरा माणूस चिडलेला मी एकदाच पाहिला. उन्हाळ्यात डेपोला आग लागते, प्लॅस्टिक जळतं, आणि वारा फिरला की तो धूर हडपसरपर्यंत येतो. अशाच एका दिवशी लॅबमध्ये आलेले एक गृहस्थ नाकाला रुमाल लावून म्हणाले, "आपल्याला त्रास होतो हो. तिथल्या लोकांना सवय झालेली असते." मॅडम टायट्रेशन करत होत्या, म्हणजे काचेच्या नळीतून थेंब थेंब मोजून सोडत होत्या. त्यांनी तोटी बंद केली. "नाकाला सवय होते," त्या म्हणाल्या. "फुप्फुसाला नाही होत. किडनीला नाही होत. लहान पोराच्या डोक्यात शिसं गेलं तर त्याला तर काहीच सवय नाही होत, ते पोरगं फक्त मागे पडत जाते अन् मास्तर त्याला ढ म्हणून देते." एवढं बोलून त्यांनी तोटी पुन्हा उघडली. थेंबांचा हिशेब चुकला म्हणून ते टायट्रेशन त्यांनी फेकून दिलं आणि नव्याने केलं.

आता तात्यांची गोष्ट. ती सांगताना मला अजूनही थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण त्यात चूक माझी होती.

डेपोच्या अंगाला असलेल्या एका गावात दगडूतात्या राहतात. त्यांची विहीर वडिलांनी स्वतः खणलेली. त्या घरातल्या प्रत्येक कार्याचा स्वयंपाक त्याच विहिरीच्या पाण्यावर झालेला. मधल्या काळात पाण्याला वास यायला लागला, अंगाला खाज सुटायला लागली, तसे घरचे टँकरचं पाणी प्यायला लागले. विहीर भांड्यांना आणि गुरांना. पण नातीचा साखरपुडा ठरला आणि तात्यांच्या मनाने घेतलं की या कार्याला टँकरचं पाणी चालणार नाही. पाऊस चांगला झाला होता, विहीर तुडुंब होती, पाणी वरून नितळ दिसत होतं. मुलगा म्हणाला, आधी तपासून घ्या. म्हणून तात्या लॅबमध्ये आले.

मॅडम नेमक्या नव्हत्या. दसऱ्याला त्या दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायच्या, तशा गेल्या होत्या. त्यांचा नियम असा की विहिरीचा नमुना लॅबच्याच माणसाने जाऊन भरायचा. मला ऊन लागत होतं. मी तात्यांना रिकामी बाटली दिली आणि म्हटलं, "तुम्हीच भरून आणा की." दुपारी ते भरून घेऊन आले. 'नमुना कोणी घेतला' या रकान्यात मी नेहमीच्या सवयीने 'लॅब' असं लिहून टाकलं. दुसऱ्या केमिस्टनी तपासणी केली, पाणी पिण्यायोग्य निघालं. मी अहवाल टाईप केला. तात्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि मला साखरपुड्याचं आमंत्रण दिलं.

मॅडम परतल्या त्या रविवारी सकाळी, आणि घरी न जाता आधी लॅबमध्ये आल्या. त्यांची एक खोड होती. इतर लोक चहाबरोबर पेपर वाचतात, तशा त्या आठवड्याचे जुने अहवाल वाचायच्या. मीही हिशेबाने तेव्हाच संत्रा बर्फीच्या आशेने हजर होतो. बर्फीचा खोका उघडला, मी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि मॅडम म्हणाल्या, "हे विहिरीचं पाणी आहे?"

"हो. दगडूतात्यांची विहीर."

"मग विहिरीत क्लोरीन कोण घालून राहिलं?"

मला काही कळेना. त्यांनी समजावलं. क्लोरीन नळाच्या पाण्यात असतं, टँकरच्या पाण्यात असतं, जंतू मरावेत म्हणून मुद्दाम घातलेलं. विहिरीत ते आपोआप येत नाही. "शेजारच्या दोन्ही विहिरी मी स्वतः तपासल्या आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्यात डेपोचं पाणी उतरलं आहे. मधलीच विहीर कशी काय सुटली? हा नमुना कोणी भरला?"

बर्फी गिळायला मला बराच वेळ लागला. मग मी सगळं सांगितलं. ऊन, बाटली, रकाना, सगळं. मॅडमनी अहवाल बाजूला ठेवला. फक्त विचारलं, "साखरपुडा कधी आहे?"

"आज."

तात्यांना फोन लावला. कार्यघरात फोन कोण उचलतो? मॅडमनी बर्फाचा डबा स्कूटीला बांधला, मला मागे बसवलं आणि सोलापूर रस्त्याला अशी गाडी घातली की मी डोळे मिटून घेतले. माझ्या डोक्यात एकच चित्र होतं. माझ्या हातचा अहवाल आणि त्या भरवशावर पाणी पिणारी पंगत.

पोचलो तेव्हा मांडवात व्याही येऊन टेकलेले होते. मागच्या अंगणात आचाऱ्याने भाताचं मोठं पातेलं चुलाण्यावर चढवलेलं, त्यात विहिरीचं पाणी तापत होतं. तांदूळ धुवून बाजूला ठेवलेले. तात्या फेटा बांधून सगळीकडे फिरत होते. आम्हाला पाहून त्यांना केवढा आनंद झाला.

"या मॅडम, या. तुमच्या कागदामुळंच आज विहिरीचं पानी वापरलं बघा."

मॅडमनी त्यांना बाजूला घेतलं. "तात्या, एक खरं सांगा. बाटलीत कुठलं पाणी भरलं होतं?"

"टँकरचं. चांगलं चौपदरी फडक्यानं गाळून," तात्या अभिमानाने म्हणाले. "आदल्या राती पाऊस झालेला, विहिरीवर त्या दिवशी पानी गढूळ दिसत हुतं. म्हटलं, लॅबात शिकलेली मानसं बघणार, तिथं असलं कसं न्यायचं? पोरगी दाखवायची तर चांगली साडी नेसवूनच दाखवत्यात की."

मी जमिनीकडे बघत राहिलो. मला वाटलं, आता मॅडमचा दुसरा राग बघायला मिळणार. पण त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी पदर तोंडावर धरला, खांदे हलायला लागले, आणि त्या हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. तात्याही काही न कळता हसायला लागले. मग मॅडमनी डोळे पुसले आणि आचाऱ्याला म्हणाल्या, "भाऊ, तांदूळ टाकू नका अजून. अन् मला स्टीलच्या दोन ताटल्या देऊन द्या."

एका ताटलीत त्यांनी टँकरचं पाणी घेतलं, दुसरीत तितकंच विहिरीचं, आणि दोन्ही शेगडीवर ठेवल्या. पाणी आटायला लागलं तशी मागच्या अंगणात माणसं जमली. बायका आल्या, फोटोग्राफर आला, शेवटी व्याहीसुद्धा उठून आले. टँकरच्या ताटलीत पाणी संपल्यावर पांढरट पुसट डाग राहिला. विहिरीच्या ताटलीत तपकिरी, जाडसर थर बसला आणि त्याचा असा वास सुटला की व्याह्यांनी उपरणं नाकाला लावलं.

"हे दिसते ते क्षार आहेत," मॅडम सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "खरी भीती न दिसणाऱ्याची आहे. सेलांमधलं शिसं, कॅडमियम डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागत नाही. त्याची तपासणी मी लॅबमध्ये करीन. अन् उकळून घेतलं तर होते, असं कोणी म्हणू नका. उकळल्याने जंतू मरतात. शिसं मरत नाही. पाणी आटते अन् ते तेवढंच राहते."

तात्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी फेट्यावरून हात फिरवला आणि खाली बसले. ज्या पाण्यावर बापाने मुलांची लग्नं केली ते पाणी व्याह्यांच्या समोर ताटलीत चिकटून बसलं होतं. "आता काय तोंड दाखवू मॅडम," ते हळूच म्हणाले. "पावन्यांनी पाहिलं समदं."

मॅडमनी ताटली उचलली आणि थेट व्याह्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पाहुणे, हा कचरा या गावाचा नाही. तुम्ही कुठले?"

"आम्ही बिबवेवाडीचे," व्याही म्हणाले.

"म्हणजे हे आपलंच आहे. यांच्याही बिबवेवाडीचं," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "माझ्याही घरचं. आपण टाकलं अन् यांच्या विहिरीत उतरलं. अन् तरी या माणसाने पाहुण्यांना पाणी देण्याआधी ते तपासायला आणून दिलं. चूक झाली ती आमच्या लॅबची, आम्ही जाऊन भरलं नाही. मी इतक्या वर्षांत इतक्या घरचं पाणी तपासलं, पण पंगतीला वाढण्याआधी पाणी तपासणारं घर मी पहिल्यांदा पाहिलं. तुमच्या पोराचं नशीब चांगलं आहे."

व्याह्यांनी ताटलीकडे पाहिलं. मग ते पुढे झाले, तात्यांना हाताला धरून उठवलं आणि आचाऱ्याला म्हणाले, "पातेलं ओता. टँकरचं पाणी घ्या. भाताला उशीर झाला तरी चालेल, आम्हाला काही घाई नाही." मुलीकडच्या एका आजींनी हातातल्या अक्षता तिथेच त्या दोघांवर टाकल्या.

भाताला खरंच उशीर झाला, आणि तो वेळ मॅडमनी वाया घालवला नाही. फोटोग्राफरच्या बॅगेत फ्लॅशचे मेलेले सेल मूठभर होते. ते त्यांनी घेतले, त्याला मोजून गोळ्या दिल्या. मग व्याह्यांच्या मंडळींना रिमोट, टॉर्च, पोरांची खेळणी असं एकेक आठवायला लावलं. नवरा मुलगा लाजत म्हणाला, "आमच्याकडे डबाभर निघतील." मॅडम म्हणाल्या, "मग लग्नात आहेर म्हणून तेच आणा." नंतर त्या पंगतीला बसल्या आणि दोनदा भात घेतला.

जेवून निघताना त्या विहिरीवर गेल्या. बाटली तीनदा विसळली, "एक, दोन, तीन." या वेळी तात्याही त्यांच्याबरोबर मोजत होते. त्या पाण्यात काय काय निघालं ते मी नंतर टाईप केलं आणि रकान्यात नीट पाहून 'लॅब' लिहिलं. विहिरीवर झाकण म्हणून फळी आली. प्यायला ती आधीच बंद होती, आता भांड्यांनाही बंद झाली ती आजतागायत बंद आहे. गुरांनाही त्यानंतर टँकरचंच पाणी. याचं वाईट वाटतं, ते लपवण्यात अर्थ नाही. मॅडम मात्र दर दोन-तीन महिन्यांनी तिचं पाणी तपासत राहिल्या. "आजारी आहे ती," त्या तात्यांना सांगायच्या. "मेली नाही. आपण वरून घाण टाकणं थांबवलं तर हळूहळू सुधारेल. मी नसेन तरी तुम्ही तपासत राहा."

मला त्यांनी त्या चुकीबद्दल कधीच बोल लावला नाही. सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर फक्त एक रिकामी बाटली होती आणि तिच्यावर चिठ्ठी: 'ऊन असल्यास छत्री न्यावी.' पुण्यात राहून पाटी लिहायची कला त्यांना चांगलीच साधली होती.

निवृत्त झाल्यावर मॅडमनी भंडाऱ्याला परत जायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी आम्ही केक आणला, कुणी शाल आणली, जोगळेकरकाकांनी सोसायटीतर्फे मेलेल्या सेलांची पिशवी पाठवली, वर रिबीन बांधून. मॅडम एकेकाला गोळ्या वाटत होत्या. इतक्यात जिन्यावरून धापा टाकत दगडूतात्या आले. डोक्याला तोच साखरपुड्याचा फेटा. कुणाशी न बोलता ते थेट मॅडमच्या टेबलाशी गेले आणि पिशवीतून बाटली काढून समोर ठेवली. काठोकाठ भरलेली, बाहेरून कोरडी पुसलेली. आत पिवळट, गढूळ पाणी.

"मॅडम, तीनदा विसळली. अजिबात गाळलं न्हाई," ते म्हणाले. "हाय तसं आणलंय."

मॅडमनी बाटली दोन्ही हातांत घेतली. हातातला केक बाजूला ठेवून त्या खिडकीशी गेल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बाटली उजेडासमोर धरून हळूहळू फिरवून पाहायला लागल्या. तात्या त्यांच्या शेजारी फेटा सावरत उभे राहिले, उत्तराची वाट बघत. मी काउंटरवर चिठ्ठी आणि पेन घेऊन तयार होतो.

मॅडमनी डाव्या खिशातून शेवटची गोळी काढली आणि तात्यांच्या तळहातावर ठेवली.

"पसंत आहे," त्या म्हणाल्या.